आई-बाबा, पोरं आणि दीर-जाऊ : सगळ्यांना जुळेल अशी क्रूझ कंपनी कोणती?

ताराबाई_पार्क

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही आठजण क्रूझवर जायचं म्हणतोय. सासू-सासरे, आम्ही दोघं, आमची दोन पोरं, दीर आणि जाऊबाई. पैसे साठवलेत, सुट्ट्या जुळल्यात, उत्साह तर विचारूच नका. अडलंय ते कंपनीवर.

एजंटाकडे जाऊन आलो. त्यांनी मोबाईलवर एकापेक्षा एक व्हिडिओ दाखवले आणि घरी येईपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच जहाज बसलं. पोरांना पाण्याच्या घसरगुंड्या हव्यात. दिरांना कॅसिनो आणि रात्रीचे शो. आमच्या ह्यांना मासे. सासऱ्यांना डेकवर खुर्ची टाकून समुद्र बघत बसायचंय, कानाशी डीजे नको. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कांदा-लसूण चालत नाही, एकादशी कडक.

यादीत सध्या मुंबईहून कॉर्डेलिया, सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन किंवा स्टारड्रीमचं (आधीचं रिसॉर्ट्स वर्ल्ड) गेंटिंग ड्रीम, आणि जाऊबाईंच्या भावानं सुचवलेली युरोपातली एमएससी आहे.

स्वस्त कुठली हे मी विचारत नाहीये. माझं मत असं की घरात ज्यांना सगळ्यात जास्त अडचणी आहेत, म्हणजे सासूबाई, त्यांना जी जुळेल तीच कंपनी घ्यावी. बाकीचे धडधाकट आहेत, कुठंही रमतील. ह्यांना ते पटत नाही. म्हणतात, एवढा खर्च करून पोरांनी काय भजन करायचं का! तुम्ही कशावरून ठरवलंत?

पेठेतला_गडी

ताई, डोळे झाकून कॉर्डेलिया करा. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथनं बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच. विमान नाही, व्हिसा नाही, देशातल्या देशात म्हणून पासपोर्टपण नाही. जैन जेवण मिळतंय. आणि जेवणाच्या रांगेत कुणी ना कुणी "कोल्हापूरचं काय तुम्ही?" म्हणून विचारतंयच. लई भारी वाटतं.

उचगाव_फाटा

वाचतोय. आमचं बी दिवाळीनंतरच चाललंय.

रुईकर_कॉलनी

ताई, एक सुचवतो. आधी कंपनी ठरवायची आणि मग जहाज बघायचं, असं करू नका. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

उदाहरण देतो. एजंटानं तुम्हाला रॉयल कॅरिबियनचा जो घसरगुंड्यांचा व्हिडिओ दाखवला असेल तो बहुतेक 'आयकॉन ऑफ द सीज'चा. ते जहाज जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, वीस मजली, जवळजवळ २ लाख ४८ हजार टनांचं, आणि ते सुटतं अमेरिकेत मायामीहून. सिंगापूरला गेल्या काही वर्षांत आली ती बहुतेक क्वांटम वर्गाची, म्हणजे वेगळ्या आराखड्याची जहाजं. आम्ही त्यातल्या 'स्पेक्ट्रम'वर गेलो होतो. जहाज देखणं, काचेच्या गोळ्यात बसवून समुद्राच्या वर उंच नेतात, हवेच्या झोतावर तरंगायचं यंत्र आहे, धडकगाड्या आहेत. पण मोठ्या घसरगुंड्या नव्हत्या. माझा मुलगा पहिल्याच दिवशी सगळे मजले पालथे घालून आला आणि विचारतो, "बाबा, त्या व्हिडिओतल्या कुठायत?"

गेंटिंग ड्रीमवर मात्र घसरगुंड्या आहेत, दोरांवरचे खेळ आहेत. जहाज २०१६ चं, सुमारे दीड लाख टनांचं.

कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' त्यामानानं लहान, साधारण ४८ हजार टन. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियनकडेच होतं, २०२१ पासून आपल्याकडे. लहान जहाजाचा एक मोठा फायदा असा की खोलीपासून जेवणघरापर्यंत चालणं कमी. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी हे लिहून ठेवा. दीड-दोन लाख टनांच्या जहाजावर नाश्त्याला जायचं म्हणजे सकाळची रंकाळ्याची फेरी होते.

कळंब्याची_सून

पेठेतला_गडी दादा, कॉर्डेलियाबद्दल एक सांगू का? फेरी कुठली यावर सगळं आहे. शनिवार-रविवारची गोव्याची फेरी म्हणजे ऑफिसचे ग्रुप, मित्रमंडळी, वाढदिवस. स्विमिंग पूलजवळ गाणी चालू झाली की रात्रीपर्यंत. आम्हाला मजा आली, आमचं वय आहे ते. पण सासऱ्यांना शांत बसायचंय म्हणता तर मधल्या वारची, जास्त रात्रींची फेरी बघा. तिथं कुटुंबं जास्त असतात. लक्षद्वीप आम्हाला फार आवडलं. पाण्याचा तो रंग मी दुसरीकडे कुठं बघितला नाही.

पेठेतला_गडी

वहिनी, ते मान्य. आम्ही ऑफिसच्या ग्रुपमधलेच होतो. गाणी आम्हीच लावली असतील. 😄

आजोळ_मालवण

लक्षद्वीपचा विषय निघाला म्हणून लिहितो. तिथं आगत्तीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. जहाजातून लहान बोटीत उतरायचं आणि मग बेटावर. ताराबाई पार्कच्या सूनबाईंनी हे नीट लक्षात घ्यावं.

आम्ही लहानपणी सुट्टीत आजोळी जायचो, तेव्हा मुंबई-पणजी बोटी चालायच्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं माझ्या वयाच्या लोकांना आठवतील. लहान बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं. पडाव लाटेबरोबर वर जायचा, खाली यायचा. दारात एक खलाशी उभा असायचा. तो माणसाचं मनगट नव्हे, कोपराच्या वर दंड धरायचा. पडाव वर आला की म्हणायचा, "आता!" आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. माझी मावशी प्रत्येक वेळी "आता" झाल्यावर पाय टाकायची आणि आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला.

आताच्या बोटी कितीतरी सुरक्षित आहेत, हात धरायला माणसं आहेत. पण लाट तीच आहे. नवा गुडघा असलेल्या बाईला ते पाऊल टाकायला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जहाज थेट धक्क्याला लागतं का, हा पहिला प्रश्न विचारा. जेवण, कॅसिनो सगळं नंतर.

अंबाबाईची_लेक

काका, किती छान लिहिलंत! मला बोटीचं नाव काढलं की आजी आठवते. 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायची आणि आम्हाला पाण्यात पाय घालू द्यायची नाही. त्या भीतीपायी आमच्या घरात अजून कुणी क्रूझचं नाव काढत नाही. खरंच इतकं सुरक्षित असतं का हो?

गडहिंग्लजचा_इंजिनिअर

मर्चंट नेव्हीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून उत्तर देतो.

'रामदास' १७ जुलै १९४७ ला बुडाली. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली, ऐन पावसाळा, वादळ, अमावास्येची गटारी, बोट खचाखच भरलेली. सहाशेच्या वर माणसं गेली. आजी सांगायच्या त्यात काही खोटं नाही. पण ती लहान बोट आणि आजचं क्रूझ जहाज यांची तुलनाच होत नाही. आज प्रत्येक प्रवाशाची जागा कुठल्या जीवनरक्षक बोटीत आहे हे ठरलेलं असतं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्या जहाजावरचे बरेच प्रवासी नुकतेच चढलेले, जीवनरक्षक बोटीकडे जायचा त्यांचा सराव व्हायचा होता. त्यानंतर नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच करावा लागतो. तो चुकवू नका, पोरांनाही न्या.

आता जहाज हलण्याविषयी. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं बरंच मारतात. तरीही खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हालचाल सगळ्यात कमी. सगळ्यात वरची, अगदी पुढची महागडी बाल्कनी सगळ्यात जास्त हलते.

समुद्र कुठला आणि महिना कुठला, हे कंपनीपेक्षा महत्त्वाचं. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला. कॉर्डेलियानंही मागच्या काही पावसाळ्यांत जहाज चेन्नईला नेलं होतं ते याचसाठी. दिवाळीनंतर तो शांत होतो. सिंगापूरहून पेनांगकडे जाणारी मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया अशी झाकलेली आहे, तिथं बहुधा पाणी सपाट. डिसेंबरात व्हिएतनामच्या बाजूला मात्र लाटा असतात.

शाहूपुरी_डॉक्टर

वरच्या प्रतिसादात भर घालतो. उलटीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन उपयोग कमी. ज्येष्ठांना ती गुंगी आणते. डोलणाऱ्या जहाजावर गुंगीत चालणं म्हणजे पडायला आमंत्रण. त्यामुळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग खोलीत संध्याकाळपर्यंत पोचत नाही कधी कधी. जहाजावर डॉक्टर असतात, पण बिल जबरदस्त, म्हणून परदेशी फेरीला विमा हवाच. त्यात आधीपासूनच्या आजारांचं काय ते वाचून घ्या.

धाग्यावर कुणाकडे तान्हं बाळ असेल तर, बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. गरोदर बाईला २४ आठवड्यांपुढे घेत नाहीत.

राजारामपुरी_खवय्या

एवढं सगळं झालं पण तांबडा-पांढरा मिळतो का ते कुणी सांगेना!

रुईकर_कॉलनी

नाही मिळत भावा. चार दिवस दम धर.

राजारामपुरी_खवय्या

मग ठेचा न्यायला परवानगी आहे का?

कळंब्याची_सून

बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो. आम्ही शेंगदाण्याची चटणी, भडंग नेलं होतं. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते, दुसऱ्या दिवशी मागून घ्यायला लागले. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मात्र नेऊ नका, आगीच्या भीतीनं सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात.

नागाळा_पार्क_मावशी

जेवणाबद्दल मी लिहिते, कारण आम्ही दोघं कट्टर शाकाहारी आणि युरोपात भूमध्य समुद्रातली क्रूझ केली आहे. कंपनीचं नाव घेत नाही. "व्हेज मिळेल" असं इथं सांगितलं होतं. मिळालं, पण रोज रात्री तोच टोमॅटोचा पास्ता आणि उकडलेल्या भाज्या. तिसऱ्या रात्री वाढणाऱ्या मुलानंच माझा चेहरा बघून आतून दही-भात करून आणला. गोव्याचा होता पोरगा. त्याला मी आशीर्वाद दिला.

युरोपातली दुसरी गोष्ट म्हणजे चालणं. रोज नवं बंदर, आणि गाव बंदराला लागून असतंच असं नाही. रोम म्हणून जहाज थांबतं ते चिवितावेकियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. दिवसभर बस, दगडी रस्ते, चढ, आणि संध्याकाळी जहाज सुटायच्या आत परत. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. शेंगेन व्हिसाचा व्याप वेगळाच. तुम्ही दोघंच असता तर म्हटलं असतं जरूर जा, नेपल्सचा किनारा जन्मात एकदा बघावा. सासूबाईंना घेऊन पहिलीच क्रूझ एमएससीची किंवा कोस्टाची युरोपातली नको.

हुपरी_चांदीवाला

खर्चाचं कुणी लिहिलं नाही. जाहिरातीतला दर दोघांच्या खोलीतला माणशी असतो. त्यावर बंदराचे कर, आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांत रोजची माणशी टिप. ही पोरांनाही लागते. त्याच खोलीतली तिसरी-चौथी व्यक्ती स्वस्तात पडते, हे पोरं असलेल्यांना फायद्याचं. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर कापतात, तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणून पावती जपून ठेवा.

दिरांसाठी : रॉयल कॅरिबियनवर दारूचं पॅकेज एकानं घेतलं तर त्या खोलीतल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. एकटाच पिणारा असेल तर सुटं घेतलेलं परवडतं. आणि जहाजात चढलं की फोन विमान मोडवर! समुद्रातल्या नेटवर्कला फोन चिकटला की बिल बघून घाम फुटतो.

शिरोळचा_वाचक

आमच्या आई-वडिलांना गर्दीच नको होती, तेव्हा आम्ही 'व्हायकिंग'ची चौकशी केली होती. त्यांच्याकडे १८ वर्षांखालचं कुणी घेत नाहीत आणि कॅसिनो नाही. समुद्रातल्या जहाजांवर साधारण ९३० प्रवासी. फार आवडलं वाचून, पण दर आपल्या आवाक्याबाहेरचे. ज्यांच्या घरी फक्त ज्येष्ठच जाणार आहेत त्यांनी नदीच्या क्रूझचाही विचार करावा. पाणी हलत नाही, काठ कायम दिसतो. आपल्याकडे 'गंगा विलास' जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालं होतं, ५१ दिवसांची फेरी. एवढी लांब नको असेल तर गंगेवर आठवड्याभराच्याही फेऱ्या असतात.

जयसिंगपूर_बुकिंग

मी याच धंद्यात आहे, म्हणून जाहिरात करत नाही, फक्त एक निरीक्षण लिहितो. क्रूझहून नाराज होऊन परत येणारी माणसं बहुतेक वेळा वाईट जहाजावर गेलेली नसतात. ती दुसऱ्या कुणासाठी बांधलेल्या जहाजावर गेलेली असतात. मी काउंटरवर एकच विचारतो, "संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरातला प्रत्येकजण काय करत असतो?" जो त्या वेळी देवघरात असतो आणि जो पत्ते कुटत असतो, त्या दोघांना जहाजावर आपापली जागा मिळाली पाहिजे. मोठ्या जहाजाचा खरा उपयोग इथं होतो. गर्दी असते, पण तिची विभागणी होते.

ताई, तुमचं मत निम्मं पटलं. फक्त सासूबाईंकडे बघून शांत, लहान जहाज घेतलंत तर पोरं कंटाळून त्यांच्याच मागे लागतील.

अंबाबाईची_लेक

आणि एक राहिलंच. सासूबाईंना कुणी विचारलंय का? आपण सगळे त्यांच्या गुडघ्याबद्दल आणि एकादशीबद्दल बोलतोय, पण त्यांना स्वतःला काय बघायचंय?

ताराबाई_पार्क

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात हाच धागा मोठ्यानं वाचून दाखवतेय.

अंबाबाईची_लेक, काल रात्री विचारलं. म्हणाल्या, "माझ्या जेवणाची काळजी करू नका, फळं नि ताक मिळालं तरी भागतंय. मला समुद्रातनं सूर्य वर येताना बघायचाय, आणि एकदा तुमच्याबरोबर तो नाच-गाण्याचा कार्यक्रम पण बघायचाय. होडीत मात्र मी उतरणार नाही." सासरे नुसते हसत होते. ह्यांना आता बोलायला जागाच राहिली नाही.

तेव्हा लक्षद्वीप या वेळी नाही. युरोप पुढं कधीतरी आम्ही दोघं. गोव्याची फेरी की सिंगापूर, आणि सिंगापूर असेल तर कुठलं बंदर, एवढंच उरलंय.

रुईकर_कॉलनी

मग माझा कौल गेंटिंग ड्रीम, तीन रात्रींची, पेनांगला थांबणारी फेरी. तुमच्या तारखांना ती आहे का हे आधी तपासा. पेनांगला जहाज थेट जॉर्ज टाऊनच्या धक्क्याला लागतं. फुकेतची फेरी टाळा, तिथं परत लहान बोटीतून उतरवतात. क्वालालंपूर दाखवतो म्हणतात ती फेरी पोर्ट क्लांगला थांबते, तिथून शहर तासाभराच्या वर. आज्जींना बसमध्ये नको.

भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण त्या जहाजावर असतं. बुकिंग करतानाच लिहून द्या, चढल्यावर परत एकदा मुख्य वाढप्याला सांगा. एकादशी कुठल्या तारखेला येते ते कॅलेंडरात आधी बघा.

सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना बघा, कारण परत तिथंच उतरायचंय. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केलाय, पण निघायच्या आधी चालू नियम तपासा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, पोरांचीही. आणि एक दिवस आधी सिंगापूरला पोचा. विमान लेट झालं म्हणून जहाज थांबत नाही.

गडहिंग्लजचा_इंजिनिअर

सूर्योदयासाठी "पूर्वेची बाल्कनी" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. जाताना जहाजाची एक बाजू पूर्वेला, येताना दुसरी. पहाटे सगळ्यात वरच्या डेकवर जा. आज्जींना मध्यावरची खोली घ्या, पण लिफ्टपासून चार दारं सोडून. अगदी चिकटून घेतली तर रात्रभर माणसांची ये-जा ऐकू येते.

ताराबाई_पार्क

ठरलं! सासू-सासऱ्यांना मध्यावरची बाल्कनीची खोली, आम्हा चौघांना एक, दीर-जाऊंना आतली बिनखिडकीची. दीर म्हणतात, खोलीत थांबतंय कोण. पेनांगला उतरून जवळपास काय बघावं? सासूबाईंना अर्धा तास सावकाश चालता येतं, मध्ये बसायला मिळालं तर जास्त.

नागाळा_पार्क_मावशी

धक्क्यापासून लिटल इंडिया अगदी जवळ, दहा-पंधरा मिनिटांवर. तमिळ माणसांची वस्ती, फुलांचे गजरे, इडली-डोसा सगळं मिळतं. महामारिअम्मनचं जुनं देऊळ आहे तिथंच. सकाळी ऊन चढायच्या आत उतरा.

उचगाव_फाटा

ताई, तारीख कळवा की. आमचे आठ, तुमचे आठ, सोळा झालो तर ग्रुपचा दर मिळतोय काय?

जयसिंगपूर_बुकिंग

ग्रुप माणसांवर नाही, खोल्यांवर धरतात. बऱ्याच कंपन्यांत किमान आठ खोल्या लागतात. ताईंच्या तीन झाल्या, तुमच्या चार धरल्या तर सात. आणखी एक कुटुंब बघा.

राजारामपुरी_खवय्या

आम्ही दोघं येतो. भडंग माझ्याकडं.